संत्र्याच्या बागेचे ओलीत

वऱ्हाड व नागपूर भागातील संत्र्याच्या बागा मुख्यतः विहिरीच्या पाण्यावर अवलंबून आहेत. सन २०१९ च्या उन्हाळ्यात वरूड व मोर्शी तालुक्यांत विहिरी व कूपनलिका आटल्या आणि फळावर आलेल्या अनेक बागा वाळल्या. कलम लावल्यापासून बाग फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. म्हणून असेल ते पाणी झाडाच्या उपयोगी पडेल अशा रीतीनेच देणे अगत्याचे आहे.

झाड पाणी घेते ते बारीक मुळांवाटे. ही मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या थरात, झाडाच्या घेराखाली पसरलेली असतात. सहा-सहा मीटर अंतरावर लावलेल्या प्रत्येक झाडाच्या वाट्यास ३६ चौरस मीटर जमीन येते. झाडाचा घेर चार मीटर रुंद असल्यास त्याखाली सुमारे १२.५ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जमीन असते. सर्व बाग भिजविल्यास बाकीच्या जमिनीतील बरेचसे पाणी उन्हाने उडते अथवा तणांस मिळते.

बुंध्याशी पाणी साचणे तर अपायकारकच होय. ओल्या बुंध्यावर फायटोफ्थोरा बुरशी वाढून साल कुजते व डिंक पाझरतो. यासच डिंक्या रोग म्हणतात. एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी सोडल्यास हा रोग पाण्याबरोबर पसरतो.

यासाठी दुहेरी आळे करावे. बुंध्यापासून अर्ध्या मीटरवर एक व घेराच्या कडेस दुसरा असे मातीचे दोन गोल बांध घालून त्यांच्यामध्येच पाणी सोडावे. दोन ओळींमधून दांड काढून प्रत्येक आळ्यास स्वतंत्र पाणी द्यावे. झाड वाढेल तसा बाहेरचा बांध सरकवावा. ठिबक असल्यास तोट्याही बुंध्यापासून दूर, घेराखाली ठेवाव्यात.

बहार धरण्यापूर्वी विहिरीचा अंदाज घ्यावा. आंबिया बहाराची फळे भर उन्हाळ्यात झाडावर वाढत असतात. त्यामुळे उन्हाळी पाण्याची खात्री नसल्यास मृग बहार धरणे हिताचे ठरते. भारी जमिनीत ताण बसण्यास अधिक दिवस लागतात, तर हलक्या जमिनीत तो लवकर बसतो. ताण तोडताना पहिले पाणी हलके द्यावे व पुढील पाळ्यांत ते क्रमाने वाढवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागाईतदाराच्या एका ओळीस दुहेरी आळी करून दाखवावीत. दोन्ही ओळींस लागणारा मोटारीचा वेळ मोजला म्हणजे पाण्याची बचत बागाईतदारास आपोआप पटेल.