धागा तुटतो आत्ता, निरोप येतो मागाहून

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. 24 मागांवर सेन्सर बसवले. पण धागा तुटल्याचा निरोप कधी लगेच येतो, कधी मिनिटभराने. मिडलवेअर बदलावे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : घाई नको, आधी संदेशांची रांग बघा. बहुतेक वेळा दर सेकंदाचे तापमान, वीज, फेऱ्या यांचे आकडे आणि ‘धागा तुटला’ ही बातमी एकाच रांगेत उभी असते. बातमीला वेगळी वाट द्या. आकडे शिळे झाले की टाकून द्यायचे. एमक्यूटीटी या संदेशवहनाच्या प्रोटोकॉलच्या पाचव्या आवृत्तीत संदेशाला तशी मुदत घालता येते. हा प्रोटोकॉल 1999 मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी जन्मला, त्यामुळे तुटक्या नेटवर्कची त्याला सवय आहे. त्यातला ‘लास्ट विल’, म्हणजे जोडणी अचानक तुटल्यावर आपोआप जाणारा निरोप, हाही लावा; सेन्सरचा संपर्क तुटला तरी कळेल. मात्र ब्रोकर, म्हणजे संदेश पोचवणारा मधला सर्व्हर, एकच असेल आणि तो बसला, तर सगळेच मुके! मिलिसेकंदांची हमी हवी असेल तर ब्रोकरविना चालणारे डीडीएस हे मिडलवेअर पाहा. तुमच्या कामाला ते मला जड वाटते.

आणि माग थांबवणारी तार थेट मागालाच जोडा. ती नेटवर्कवर सोडू नका.