योजनेत मंजुरी, तरी स्टेंटचे पैसे?

प्रश्न : मी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात कामाला आहे. केशरी रेशनकार्ड आहे. आईची अँजिओप्लास्टी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मंजूर झाली. तरी ‘सरकारी पॅकेज परवडत नाही’ म्हणत खासगी रुग्णालयाने स्टेंटचे ३५ हजार रोख घेतले. घरी सोडताना एका कागदावर सहीही घेतली. पैसे परत मिळतील का?
— एक वाचक, हिंदमाता

उत्तर : मंजुरी ऑपरेशनआधी आली असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, डॉक्टरांची फी, औषधे, जेवण आणि स्टेंटही धरलेला असतो. तो दर मान्य करूनच रुग्णालय योजनेत आले. परवडत नसेल तर ते भांडण त्यांनी सरकारशी करावे. पेशंटच्या मुलाकडून ती रक्कम काढणे सरळ अन्याय आहे.

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली ही योजना शासन निर्णयांवर चालते. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तसा आपल्याकडे नाही. म्हणून योजना चालवणारी राज्य आरोग्य हमी सोसायटी आणि रुग्णालय यांच्यातला करारच इथे महत्त्वाचा. त्यावर तुमची सही नसली, तरी तो मोडल्याची तक्रार तुम्ही सोसायटीकडे करू शकता. आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मग योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा.

ती सही बहुधा समाधानपत्रावरची असावी. बिलाच्या दाव्यासोबत रुग्णालय ते पत्र जोडते. गडबडीत, न वाचता सही घेतली, हे अर्जात स्पष्ट लिहा. सहीमुळे तुमचा हक्क संपत नाही. रोखीची पावती नसेल तर त्या दिवशी बँकेतून काढलेल्या पैशांची नोंद, रुग्णालयाशी झालेले मेसेज, स्टेंटच्या पाकिटावरचे स्टिकर, सोबत असलेल्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र, जे असेल ते जोडा.

दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ‘उपचार फुकट होते, तुम्ही ग्राहकच नाही’ असा बचाव रुग्णालय करील. पण इतरांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयातला मोफत उपचारही ग्राहक कायद्याखाली येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवले आहे. एवढ्या रकमेला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि सोसायटीकडे अर्ज पडून आहे म्हणून ती थांबत नाही.