अर्धवट वायरिंग आणि टेस्ट रिपोर्ट

प्रश्न : खोपटमधल्या आमच्या घराचं वायरिंग अर्धवट टाकून वायरमन निघून गेला. महावितरणकडे भार वाढवायचा आहे, पण त्यासाठी लागणाऱ्या टेस्ट रिपोर्टवर दुसरा कंत्राटदार सही करत नाही. काय करावं?

उत्तर : त्याचं बरोबर आहे. भिंतीत दडलेल्या, न पाहिलेल्या कामाची हमी कोण देईल? नुसती सही मागू नका. उरलेलं कामच परवानाधारक विद्युत कंत्राटदाराला द्या. प्लास्टर बाकी असेल तर ते आधी थांबवा, उघड्या पाइपांचे फोटो काढा. कंत्राटदार जुन्या वायरींना 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावेल. इन्सुलेशन किमान 1 मेगाओहम हवं. कमी आलं, तर ती वायर बदलाच. गिझरच्या सॉकेटपर्यंत अर्थिंग सलग आहे का, हे तुमच्यासमोर तपासून घ्या. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवाच, त्यात काटकसर नको. मग रिपोर्ट मागा, त्यावर परवाना क्रमांक हवा.