श्रीखंडावरची चारोळी आणि शेताचा बांध



मागे एकदा सहावीच्या वर्गात मी प्रश्न विचारला, "श्रीखंडावर घालतो ती चारोळी कुठून येते?" उत्तर आले, "किराण्याच्या दुकानातून." उत्तर चूक नाही, पण अर्धेच आहे. एका मुलीने घरची चारोळी कुंडीत पेरली होती. महिना झाला तरी काही उगवले नाही. उगवणार कसे? आपण खातो तो कठीण आठळी फोडून काढलेला गर. फोडताना, सोलताना आणि साठवताना त्यातला अंकुर बहुधा मरून जातो.

चारोळीचे झाड आपल्या मध्य प्रदेशाच्या जंगलांत आपोआप उगवते. इकडे त्याला 'अचार' किंवा 'चार' म्हणतात. लोणच्याशी त्याचा काही संबंध नाही. ते आंबा आणि काजूच्या कुळातले आहे. एप्रिल-मे महिन्यांत त्याची लहान, काळसर फळे पिकतात. आदिवासी कुटुंबे ती वेचतात, धुऊन आठळ्या वाळवतात आणि बाजारात विकतात. शेतात काही काम नसते अशा दिवसांत हाती येणारा हा रोख पैसा असतो.

पण येथेच अडचण आहे. जंगलातले झाड सर्वांचे असते. मी पिकण्याची वाट पाहिली तर दुसरा कोणी आधी तोडून नेईल, ही भीती असते. म्हणून फळे कच्चीच तोडली जातात, कधी फांद्याही छाटल्या जातात. कच्च्या फळात गर भरलेला नसतो, म्हणून भाव कमी मिळतो आणि झाडाचेही नुकसान होते. हेच झाड स्वतःच्या बांधावर असेल तर? मालक फळ पिकेपर्यंत निश्चिंतपणे थांबेल.

मग शेतकरी ते लावत का नाहीत? कारण बी पेरून भरवसा नसतो. कठीण कवचामुळे बी कमी उगवते. उगवले तरी फळ यायला कित्येक वर्षे लागतात, आणि ते फळ आईझाडासारखेच असेल असेही नाही. लहान शेतकऱ्याला इतकी जोखीम परवडत नाही.

यावर उपाय आहे कलम. जंगलातले उत्तम झाड निवडायचे, त्याची काडी घेऊन रोपावर बांधायची. नवे झाड मूळ झाडाच्याच गुणांचे होते आणि लवकर फळते. आपल्या पूर्वजांनी आंब्याचे हेच केले. जंगली झाडाला निवडून, जोपासून शेतात आणणे यालाच 'वृक्षांचे माणसाळवणे' म्हणता येईल.

कोकणातल्या कोकमाचे उदाहरण पाहा. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि हे कळते फुले आल्यावर, म्हणजे सात-आठ वर्षांनी! इतकी वर्षे पाणी घालून निम्मी झाडे बिनफळाची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने चांगली झाडे शोधून १९९७ मध्ये 'कोकण अमृता' ही जात दिली. मृदकाष्ठ कलमामुळे आता मादी झाड खात्रीने लावता येते.

चारोळीचेही काम झाले आहे. इंदूरहून धार, झाबुआ, दाहोद ओलांडून गेले की गोध्र्याजवळ वेजलपूर येथे उद्यानविद्येचे केंद्रीय प्रयोग केंद्र आहे. तेथे चारोळीची 'थार प्रिया' ही जात निवडली गेली. आफ्रिकेतही १९९० च्या दशकापासून कॅमेरून देशात गावकऱ्यांनी शास्त्रज्ञांच्या मदतीने 'साफू' या रानफळाच्या गावोगावी रोपवाटिका उभारल्या. कोणते झाड चांगले, हे तेथे गावकऱ्यांनाच विचारले गेले. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण गोड फळाचे झाड कोणते, हे गुराख्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

दोन सावधगिऱ्या मात्र लक्षात ठेवा. सगळीकडे एकाच झाडाची कलमे लावली तर एका रोगाने सगळीच जाऊ शकतात. म्हणून अनेक चांगली झाडे निवडावीत आणि जंगलातली मूळ झाडेही राखावीत. दुसरे, केवळ आठळी विकून फारसा लाभ होत नाही. ती फोडून गर काढण्याचे कामही गावातच झाले, तर खरी किंमत गावात राहते.

घरचा अभ्यास : या सुटीत आजी-आजोबांना विचारा की त्यांच्या लहानपणी कोणती रानफळे मिळत आणि आज त्यांतली कोणती दिसत नाहीत. पाच नावे लिहून आणा. आणि पुढच्या वेळी श्रीखंडावर चारोळी दिसली, की ती उन्हात वेचणाऱ्या हातांची आठवण ठेवा.