रोसाउरा रेव्हुएल्तास : एका निवेदिकेची कारकीर्द

मेक्सिकोच्या कलाजीवनात रेव्हुएल्तास हे आडनाव प्रथम तीन भावांमुळे आठवले जाते. सिल्व्हेस्त्रे हे संगीतकार, फेर्मीन भित्तिचित्रकार, तर होसे कादंबरीकार. दुरांगो राज्यातील लेर्दो येथे १९१० साली जन्मलेल्या त्यांच्या भगिनी रोसाउरा यांचा निर्देश बहुधा तळटीपेत येतो. हा क्रम कितपत न्याय्य आहे, याचा विचार त्यांच्या एकाच भूमिकेच्या आधारे करता येण्याजोगा आहे.

नृत्य आणि रंगभूमी या वाटेने रोसाउरा चित्रपटात आल्या त्या चाळिशीच्या सुमारास. एमिलिओ फर्नांदेस यांच्या ‘उन दिआ दे व्हिदा’ (१९५०) आणि ‘इस्लास मारिआस’ (१९५१) या चित्रपटांत त्यांच्या वाट्याला सोशिक माताच आली. (दुसऱ्या चित्रपटातील बंदिवासाच्या बेटांवर होसे यांनी कोवळ्या वयात प्रत्यक्ष राजकीय कारावास भोगला होता, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.)

हॉलिवुडने बहिष्कृत केलेले दिग्दर्शक हर्बर्ट बिबरमन आणि लेखक मायकेल विल्सन यांच्या ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ (१९५४) या चित्रपटाने हा साचा मोडला. न्यू मेक्सिकोतील जस्ताच्या खाणीतील १९५०-५२ चा संप हा त्याचा आधार. न्यायालयाने खाणकामगारांना निदर्शने करण्यास मनाई केली, तेव्हा त्यांच्या स्त्रियांनी ती जागा घेतली. संहिता प्रत्यक्ष कामगार कुटुंबांपुढे वाचली गेली आणि त्यांच्या आक्षेपावरून नायकाच्या विवाहबाह्य संबंधाचा प्रसंग वगळण्यात आला. नायक रामोनची भूमिका हुआन चाकोन या कामगारनेत्यानेच केली; त्याची पत्नी एस्पेरांसा झाल्या रोसाउरा.

एस्पेरांसा ही केवळ नायिका नव्हे, ती निवेदिकाही आहे. कंपनीच्या घरात गरम पाणी नाही, ही तिची तक्रार प्रारंभी पतीलाही क्षुल्लक वाटते. खाणीतील सुरक्षितता हा पुरुषांचा प्रश्न, नळ हा बायकांचा! कथा जसजशी पुढे सरकते, तसतशी हीच तक्रार संपाच्या मागण्यांत स्थान मिळवते आणि घटनांचा अर्थ लावण्याचा अधिकार एस्पेरांसाच्या आवाजाकडे येतो. शब्द विल्सन या पुरुषाचे आहेत, हे खरे. तथापि त्यांतील संकोच आणि त्यामागून उमटणारा ठामपणा ही अभिनेत्रीची निर्मिती होय.

चित्रीकरण संपण्यापूर्वीच, १९५३ च्या प्रारंभी, पारपत्रावर प्रवेशाचा शिक्का नसल्याच्या कारणावरून अमेरिकी अधिकाऱ्यांनी रोसाउरा यांना अटक केली. त्यांना मायदेशी परतावे लागले. उरलेल्या काही दृश्यांत दुसरी स्त्री उभी करण्यात आली, काही दृश्ये मेक्सिकोत गुपचूप टिपली गेली, आणि निवेदनही तेथेच ध्वनिमुद्रित झाले. म्हणजे न्यू मेक्सिकोच्या भूमीची कथा सांगणारा आवाज त्या भूमीत प्रवेश नाकारलेल्या स्त्रीचा आहे. चित्रपटाचा आशय या घटनेने जितका सिद्ध होतो, तितका तो कोणत्याही संवादाने होत नाही.

चित्रपटाला कार्लोव्ही व्हारी येथे सन्मान लाभला. अमेरिकेत मात्र मोजक्याच चित्रगृहांनी तो दाखविला. १९९२ साली तो तेथील राष्ट्रीय चित्रपटसूचीत समाविष्ट झाला. रोसाउरा यांना मेक्सिकोच्या चित्रपटव्यवसायानेही दूर ठेवले. पूर्व बर्लिनमध्ये ब्रेख्तच्या बर्लिनर आन्सांबल या नाट्यसंस्थेत त्यांनी काम केले, काही काळ क्यूबातही काढला. पडद्यावर त्या पुन्हा दिसल्या त्या १९७० नंतरच्या दशकात, आणि तेही मोजक्याच भूमिकांत.

उत्तरायुष्यात त्यांनी आपल्या कुटुंबाचे चरित्र लिहिले. भावांची कथा बहिणीच्या तोंडून सांगणारा हा ग्रंथ एस्पेरांसाच्या निवेदनाशेजारी ठेवून वाचावयास हवा. १९९६ साली क्वेर्नाव्हाका येथे त्यांचे निधन झाले.