भिंतीतली गळती

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात घराचे बांधकाम चालू असेल, तर गिलाव्यावर दिवसातून दोनतीनदा पाणी मारावे लागते. स्लॅबवर तर आळी करून पाणी साठवून ठेवतात. सिमेंटला बळकटी येण्यासाठी हे पाणी हवेच. पण त्यातले थोडे स्लॅबमध्ये आणि भिंतीत पुरलेल्या विजेच्या पाईपांतही उतरते. पुढे वायरी ओढल्या जातात, रंग लागतो आणि वास्तुशांतीची तारीख तोंडावर आली असताना वायरमन मेगर लावून पाहतो. आकडा येतो ०.२ मेगओहम! घरमालक विचारतो, "दिवे तर लागतात ना? मग बिघडले कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधू या.

मेगर काय मोजतो?

वायरीतल्या तांब्यातून वीज सहज वाहते, त्यावरचे पी.व्ही.सी.चे आवरण तिला अडवते. पण विजेला पूर्णपणे अडवील असे आवरण नसते. आवरणातून, ओलाव्यातून, धुळीच्या थरातून अत्यल्प प्रवाह अर्थिंगकडे झिरपतच असतो. या झिरपण्याला जो विरोध होतो, त्याला विसंवाहन रोध म्हणतात. तो फार मोठा असल्यामुळे मेगओहममध्ये, म्हणजे दहा लाख ओहमच्या मापाने, मोजतात. 'मेगर' हे मूळचे एका ब्रिटिश कंपनीचे, १९०३ साली नोंदवलेले व्यापारी नाव; आता ते उपकरणाचेच नाव होऊन बसले आहे.

हे काम साध्या मल्टिमीटरने का होत नाही? केळीच्या बागेतली नळी आठवा. पाणी संथ असेल तर तिची बारीक चीर दिसत नाही. पंप सुरू झाला की तेथून चिळकांडी उडते. मल्टिमीटरचा दाब काही व्होल्टच असतो, तर घरातल्या वायरिंगसाठी मेगर ५०० व्होल्टचा दाब देतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० सालच्या सुरक्षा विनियमांनीही ५०० व्होल्ट एक मिनिट लावून किमान १ मेगओहम रोध मिळावा, असा दंडक घातला.

आकडा एक, अर्थ दोन

समजा, घरात आठ विद्युत मार्ग आहेत. बोर्डापाशी ते सारे एकत्र जोडलेले असताना त्यांचे रोध समांतर जोडणीत असतात. तुम्ही शाळेत शिकलेले सूत्र येथे लावा : एकूण रोधाचा व्यस्तांक म्हणजे प्रत्येक रोधाच्या व्यस्तांकांची बेरीज.

सात मार्ग प्रत्येकी ५० मेगओहमचे आणि एक ०.२ मेगओहमचा असेल, तर बेरीज ५ + ०.१४ = ५.१४ येते. म्हणजे एकूण रोध सुमारे ०.१९५, जवळजवळ ०.२ मेगओहम. आता दुसरे उदाहरण घ्या. आठही मार्ग प्रत्येकी १.६ मेगओहमचे आहेत. एकूण रोध किती? १.६ भागिले ८, म्हणजे पुन्हा ०.२!

पहिल्या घरात एकाच जागी दोष आहे. दुसऱ्यात सारे घरच ओलसर आहे. मेगरचा आकडा मात्र एकच. म्हणून नुसत्या आकड्यावरून वायरींना नावे ठेवू नयेत. आधी मार्ग वेगळे करावेत.

शोध कसा घ्यावा?

प्रथम मुख्य पुरवठा तोडून वीज खरोखर बंद आहे याची खात्री करतात. येणारी न्यूट्रलही सोडवावी लागते. ती ट्रान्स्फॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते. ती तशीच राहिली तर मेगर जवळजवळ शून्य दाखवील आणि दोष घराच्या माथी बसेल! मग दिवे, पंखे, गीझर आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढून ठेवतात व बटणे चालू ठेवतात. फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये मोजताना विसरलेला एखादा इंडिकेटरही आकडा खाली ओढतो.

यानंतर आठ मार्गांचे चार-चारचे दोन गट करावेत. पहिल्या उदाहरणात एक गट ०.२ दाखवील आणि दुसरा १२.५. दोषी गटाचे दोन-दोन आणि मग एक-एक असे भाग केले, की तीन फेऱ्यांत दोषी मार्ग सापडतो, कारण २ × २ × २ = ८. मात्र प्रत्येक मार्गाची फेज व न्यूट्रल दोन्ही सोडायला हवीत. नुसती एम.सी.बी. पाडली तर न्यूट्रल जोडलेलीच राहते आणि एकाचा दोष सगळ्यांत दिसतो.

ओल की खिळा?

दोषी मार्गावरचे बॉक्स उघडून वारा लागू द्यावा आणि रोज आकडा लिहून ठेवावा. तो दिवसेंदिवस चढत गेला तर दोष बहुधा ओलीचा. तसाच राहिला तर कोठेतरी खिळ्याने किंवा पाईपच्या धारेने आवरण कापलेले असण्याचा संभव; तेव्हा वायर ओढून बदलणेच योग्य.

"उन्हामुळे आकडा उतरला," असेही कोणी म्हणेल. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो, तर पी.व्ही.सी.चा घटतो, हे खरे. पण चांगल्या कोरड्या वायरिंगचा रोध १ मेगओहमच्या कितीतरी पट असतो. केवळ उन्हाने तो ०.२ वर येत नाही.

करून पाहा

घरच्या वायरींना किंवा मेगरला हात लावू नका. त्याऐवजी खडूच्या कांडीवर दोन ठिकाणी उघड्या तांब्याच्या तारेचे घट्ट वेढे द्या. मल्टिमीटरने कोरड्या खडूचा रोध मोजा. मग खडू ओला करून मोजा आणि वाळेपर्यंत दर अर्ध्या तासाने नोंद करून आलेख काढा. मिठाच्या पाण्यानेही करून पाहा. काय फरक पडतो?

आता घरमालकाच्या प्रश्नाकडे वळू. २३० व्होल्टला ०.२ मेगओहमने भागले तर १.१५ मिलिअँपिअर येतात. एवढ्या गळतीने ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. पडत नाही, दिवेही मंद होत नाहीत. पण पावसाळ्यात भिंत ओलावली की हीच वाट रुंदावते आणि एखाद्या दिवशी बटणाला लागलेला ओला हात तिच्या आड येतो. जुन्या धाब्याच्या घरांत वायरी लाकडी पट्टीवरून उघड्या जात. दोष डोळ्यांना दिसे. आता त्या भिंतीत दडल्या आहेत. म्हणून वास्तुशांती चार दिवस पुढे गेली तरी चालेल; पण दोष सापडल्याशिवाय टेस्ट रिपोर्टवर सही होऊ नये.