काट्यावरचा आकडा आणि गरोदर बाईचं मन



आजचा पाठ कुठल्याच इयत्तेच्या पुस्तकात नाही. पण प्राथमिक शाळेच्या स्टाफरूममध्ये वर्षा-दोन वर्षांतून कोणीतरी गरोदर असतंच. पहिली-दुसरीच्या वर्गात तर दोन-चार मुलांच्या घरी धाकटं भावंडं येऊ घातलेलं असतं. त्यामुळे हा विषय आपलाच आहे. गरोदरपणात वजन वाढतं, शरीर बदलतं आणि त्याची एक टोचणी मनाला लागून राहते. तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

"किती सुटलीस गं!" "पाचव्यातच एवढं पोट? जुळी आहेत का?" "काहीच दिसत नाही तुझं, खातेस की नाही?" ही तिन्ही वाक्यं एकाच बाईला एकाच दिवशी ऐकायला मिळतात. पहिलं शाळेत, दुसरं जिन्यात, तिसरं सासरच्या फोनवर. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, हे मान्य. पण ऐकणारी रात्री आरशासमोर उभी राहते, तेव्हा तिला हीच वाक्यं आठवतात.

माझ्या एका सहकारी बाईंना पाचवा महिना चालू होता. मधल्या सुट्टीत त्या डब्यातली भाजी तेवढी खायच्या आणि पोळ्या तशाच परत न्यायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "लग्नात पन्नास किलो होते, आता चौपन्न झाले. हे चार किलो नंतर उतरतच नाहीत म्हणे." म्हणजे पोटात वाढणारं बाळ, त्याच्यासाठी वाढलेलं रक्त, सगळं त्यांनी चरबीच्या खात्यात टाकलं होतं. तेव्हा मी त्यांच्यासमोर चौथीच्या मुलांना घालते तशी एक बेरीज मांडली. तीच इथे मांडते. आकडे अर्थातच सरासरीचे आहेत, प्रत्येकीचे थोडे इकडेतिकडे होणार.

पूर्ण दिवसांचं बाळ धरू ३ किलो. वार साधारण ६५० ग्रॅम. बाळाभोवतीचं पाणी ८०० ग्रॅम. एरवी मुठीएवढी असलेली पिशवी वाढून ९५० ग्रॅमची होते. स्तनांचं वजन ४०० ग्रॅमने वाढतं. अंगातलं रक्त तर जवळजवळ दीडपट होतं, त्याचे सव्वा किलो. शरीरात साठलेलं जादा पाणी साधारण १ किलो ४५० ग्रॅम. करा बेरीज. साडेआठ किलो झाले, आणि यात चरबीचा अजून एक ग्रॅमही धरलेला नाही! अकरा किलो वाढलेल्या बाईच्या अंगावर चरबी येते ती अडीच किलोच्या आसपास. तीही फुकट नसते. अंगावर पाजताना शरीर त्या साठ्यातूनच खर्च करतं.

ही बेरीज कागदावर लिहून फ्रिजवर लावण्यासारखी आहे. घरातल्या पुरुषांनीही एकदा वाचावी.

आता प्रश्न येतो की किती वाढलं म्हणजे ठीक? आपल्याकडे नर्सताई आणि आशाताई जो हिशोब सांगतात तो असा: पूर्ण गरोदरपणात ९ ते ११ किलो, आणि पहिले तीन महिने गेले की महिन्याला साधारण दोन किलो. पहिल्या तीन महिन्यांत काहींचं वजन वाढतच नाही, उलट्यांमुळे उलट थोडं उतरतं. त्याने घाबरून जायचं कारण नसतं. पण सगळ्यांना एकच माप लावणंही बरोबर नाही. आपण वर्गात सगळ्या मुलांना एकाच नंबरचे बूट देत नाही, तसंच हे. आधी बाई किती बारीक किंवा जाड होती, त्यावर पुढची वाढ ठरते. त्यासाठी बीएमआय काढतात. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. उंची १.५२ मीटर आणि वजन ४५ किलो असेल तर उत्तर येतं साडेएकोणीस.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेला तक्ता अनेक डॉक्टर वापरतात. त्यात बीएमआय साडेअठराच्या खाली असेल तर साडेबारा ते अठरा किलो वाढ चांगली मानली आहे. साडेअठरा ते पंचवीसच्या आत असेल तर साडेअकरा ते सोळा. पंचवीस ते तीसच्या आत असेल तर सात ते साडेअकरा, आणि तीस किंवा त्यापुढे पाच ते नऊ. आपल्या लोकांची शरीरं जरा वेगळी म्हणून आपले डॉक्टर तेवीसच्या पुढेच सावध होतात. थोडक्यात, जावेचं वजन सोळा किलो वाढलं आणि तुमचं आठच, तरी दोघींचं बरोबर असू शकतं. तुलना करायचीच असेल तर आपल्याच माता व बाल संरक्षण कार्डावरच्या मागच्या महिन्याच्या नोंदीशी करावी.

आता पुण्याजवळची एक गोष्ट. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातल्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्या बायका शेतात राबणाऱ्या, गरोदरपणाआधी सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळंही लहानखुरी, साधारण २.७ किलोची. त्यात दिसलं असं की आईने एकूण किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध होता. ज्या आयांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या आणि फळं अधिक वेळा होती, त्यांची बाळं अंगाने बरी होती. आणखी एक गोष्ट तिथे लक्षात आली. आपली बाळं वजनाला कमी दिसली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त असतं. नुसत्या किलोवरून बाळाचंही सगळं कळत नाही, तिथे आईचं कुठून कळणार!

म्हणून "दोन जीवांची आहेस, दोघांचं खा" हेही चूक आणि "कमी खा, नाहीतर बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल" हेही चूक. हा दुसरा समज आपल्या खेड्यांत अजून आहे, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करतो. आपल्या पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे गरोदर बाईला रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे किती? एक मध्यम ज्वारीची भाकरी, वाटीभर पातळ उसळ आणि एक केळं. बस, एवढंच. या दिवसांत वजन उतरवायला डाएट करायचं नसतं. वजन खरंच जास्त वाढत असेल तर डॉक्टर फरसाण, गोड, कोल्ड्रिंक कमी करायला सांगतात, चालायला सांगतात. जेवण बंद करायला कोणीच सांगत नाही.

पोटाच्या आकाराबद्दलही थोडं. पहिलटकरणीचं पोट उशिरा दिसतं, कारण पोटाचे स्नायू घट्ट असतात. दुसऱ्या खेपेला लवकर दिसतं. उंच बाईचं कमी दिसतं, बुटक्या बाईचं पुढे येतं. बाळाची वाढ नर्सताई टेपने मोजतात. विसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे तितके सेंटीमीटर, दोनेक इकडेतिकडे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात टेपवर सत्तावीस आलं तर छान चाललंय. जिन्यातल्या काकूंच्या नजरेला असा टेप नसतो. आणि पोट टोकदार म्हणजे मुलगा, चेहरा सुकला म्हणजे मुलगी, हे तर डोहाळेजेवणातल्या पेढा-बर्फीच्या खेळाइतकंच खरं! तो खेळही आता थांबवावा असं मला वाटतं, पण तो वेगळा विषय.

एवढी माहिती असूनही मनाला टोचतं ते टोचतंच. बेरीज कळल्याने आरसा बदलत नाही. पोटावर वळ उठतात, गालावर वांग येतात, बेंबीपासून खाली काळी रेघ उमटते, पाय सुजून चपला होईनाशा होतात. रेघ बाळंतपणानंतर हळूहळू फिकी होते, वळ फिके होतात पण पूर्ण जात नाहीत, आणि ते हमखास टाळणारं कोणतंही महागडं क्रीम नाही. हे आवडत नाही असं म्हणणाऱ्या बाईला "आई होणार आहेस, अशा गोष्टी मनात आणतेस?" असं म्हणू नका. बाळ हवंहवंसं असणं आणि आपलं शरीर ओळखीचं न वाटणं, या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात एकाच वेळी असू शकतात.

अशा वेळी काय करता येतं? घरी काटा असेल तर तो काही महिने कपाटावर ठेवून द्या. तपासणीच्या दिवशी होतं तेवढं वजन पुरे आहे. आकडा ऐकला की दिवस खराब जात असेल तर सिस्टरना स्पष्ट सांगा, "तुम्ही नोंद करा, काही वेगळं असेल तरच मला सांगा." काट्यावर पाठ करून उभं राहिलं तरी चालतं. कपड्यांचं तर मी आग्रहाने सांगते. जुन्या ब्लाऊजमध्ये स्वतःला कोंबून सात तास वर्गात उभं राहू नका. ब्लाऊजच्या शिवणीत माया ठेवलेली असते ती यासाठीच, दोन-तीन उसवून घ्या. मोबाईलवर बाळंतपणानंतर महिन्याभरात पूर्वीसारख्या झालेल्या नट्यांचे फोटो समोर येत असतील तर ती खाती बंद करा. त्यांच्या घरी स्वयंपाकाला, बाळाला आणि व्यायामाला वेगवेगळी माणसं असतात, ती फोटोत दिसत नाहीत. आणि टोमण्याला एक ठरलेलं उत्तर तयार ठेवा. "डॉक्टर म्हणाल्या सगळं ठीक आहे" एवढं बोलून विषय बदलायचा. समोरच्याला पटवून देत बसायची गरज नाही.

मात्र काही गोष्टी नुसती काळजी म्हणून सोडून द्यायच्या नसतात. आठवडाभरात एकदम वजन वाढलं, चेहरा आणि हात सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते. एका महिन्यात तीन किलोच्या वर वाढ झाली तरी दाखवून घ्यावं. दुसऱ्या बाजूने, महिन्यामागून महिने वजन हलतच नाही, जेवण मुद्दाम टाळलं जातंय, खाल्लेलं ओकून काढलं जातंय, तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं. पूर्वी कधी खाण्याचा असा त्रास झाला असेल तर पहिल्याच तपासणीत सांगावं. आणि दोन आठवडे रोज रडू येतंय, कशातच मन लागत नाही, तर तो आळस नाही आणि नखरे तर नाहीतच. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, फोन मोफत लागतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथेही हे बोलता येतं.

माझ्या त्या सहकारी बाई नंतर तपासणीला गेल्या तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रागावलं नाही, फक्त कार्डावरची नोंद दाखवली. चार किलो अगदी हवे तसे होते. पोळ्या परत जायच्या थांबल्या. आरशाचा त्रास मात्र आठव्या महिन्यापर्यंत राहिला, हेही सांगायला हवं.

आता आपल्या वर्गाबद्दल. दुसरीतली मुलं विचारतातच, "बाई, तुम्ही जाड झालात का?" दटावू नका. "माझ्या पोटात बाळ वाढतंय, त्याला जागा हवी ना" एवढं उत्तर मुलांना पुरतं. ती लगेच बाळाचं नाव काय ठेवणार यावर जातात. घरातही तेच. पाच वर्षांची लेक शेजारी बसलेली असताना आई रोज "मी म्हैस झालेय" म्हणत असेल, तर लेक ते शब्द शिकते आणि पुढे स्वतःला लावते. मला तिसरीतल्या मुली डब्यातला भात "नको, पोट सुटतं" म्हणून ठेवताना दिसतात. हे त्या कुठून शिकल्या असतील?

मुख्याध्यापकांना आणि सहकाऱ्यांना दोन विनंत्या. गरोदर बाईंना मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या नोंदींना बसवू नका, त्यांना डबा शांतपणे खाऊ द्या. आणि वर्गात एक खुर्ची असू द्या.

बाळंतपणानंतरचं थोडं सांगून थांबते. घरी येताना पोट पाचव्या महिन्यासारखं दिसतं आणि बऱ्याच जणी त्या दिवशी रडतात. बाळ, वार आणि पाणी मिळून साडेचार किलोच्या आसपास लगेच कमी झालेले असतात, पण किलोभराची पिशवी पूर्वीइतकी लहान व्हायला सहा आठवडे लागतात. पट्टा बांधून तिला घाई करता येत नाही. अंगावर पाजत असताना पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जादा लागतात, म्हणजे गरोदरपणापेक्षाही जास्त. तेव्हा कोणी सव्वा महिन्यात बाळंतिणीची भाकरी मोजायला लागलं, तर हा आकडा त्यांना दाखवा.